बावन्न विरुद्ध सात

राष्ट्रगीतासाठी काढलेलं हेल्मेट गॅस्पर वॅडसने पुन्हा डोक्यावर चढवलं, तेव्हा ते आतून तापलेलं लागलं. सप्टेंबर लागला तरी सॅन अँटोनिओचं ऊन हटायला तयार नव्हतं. गवत करपलेलं, पट्ट्यांचा चुना डोळ्यांवर येणारा, आणि गॅलरीत चाळीस हजार माणसं हॅट घालून बसलेली. मोसमाचा पहिलाच सामना होता. पहिल्या सामन्याला माणूस ताजातवाना असायला हवा. गॅस्पर मात्र मैदानात उतरतानाच थकलेला होता.

सदुसष्ट सालची गोष्ट. गॅस्परला तेव्हा पस्तिसावं लागलं होतं. या धंद्यात पस्तिशीला माणूस म्हातारा होतो. टोलेडोच्या पूर्व भागात, हंगेरियन वस्तीत तो वाढला. बाप लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होता, दोन्ही भाऊ अजून तिथेच होते. गॅस्पर तेवढा अंगाने दणकट निघाला, म्हणून अमेरिकन फुटबॉलमध्ये गेला आणि टोलेडोच्याच संघात लागला. लग्नाकार्यात कुणी विचारलं की बाबा, तू नेमकं करतोस काय, चेंडू तर तुझ्या हातात कधीच दिसत नाही, तर तो सांगायचा, "मी दारवान आहे. डावीकडचं दार सांभाळतो."

ते खरंच होतं. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरतो, पुढे पळणारा आपला माणूस शोधतो आणि फेकतो. त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात समोरची धिप्पाड मंडळी त्याला लोळवायला धावतात. त्यांना तेवढा वेळ अडवून धरायचं, एवढंच गॅस्परचं काम. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असला की फेकताना त्याची पाठ डावीकडे होते. म्हणजे डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही. तो सगळा भरवसा गॅस्परवर टाकून उभा असतो.

या वर्षी गॅस्परच्या भरवशावर उभा होता लायल ऑस्टबी. नॉर्थ डकोटाच्या एका खेड्यातून आलेला, बावीस वर्षांचा, गव्हाच्या रंगाच्या केसांचा पोरगा. टोलेडो संघाच्या मालकांनी त्याला केवढ्या तरी कौतुकाने आणला होता. पोरगा गुणी होता. विमानात त्याने गॅस्परला विचारलं होतं, "पहिल्या सामन्याआधी तुला झोप लागायची?"

"आता लागते," गॅस्पर म्हणाला होता. "तेव्हा नाही लागायची."

आणि गॅस्परच्या समोर उभा होता वेल्मन ग्विलरी. लुइझियानातला काळा पोरगा, त्याचाही पहिलाच सामना. उंच, सडपातळ म्हणावा असा, पण मांड्या अशा की पँटच्या शिवणी ताणलेल्या. पहिल्याच डावाला, चेंडू निघताच, तो एका बाजूने आला असं गॅस्परला वाटलं आणि दुसऱ्या बाजूने निघून गेला. गॅस्परचे हात हवेत राहिले आणि तो गुडघ्यांवर आला. मागे धप्पकन आवाज झाला. वळून पाहायची गरजच नव्हती.

परत येताना ग्विलरीने गॅस्परला हात देऊन उठवलं. "लागलं का काका?"

"काका कुणाला म्हणतोस रे? मला नाव आहे."

"हो, छापील पत्रकात वाचलं. पण मला उच्चारता येईना."

शेजारी उभा असलेला बर्नी क्वास्ट खो-खो हसला. बर्नी गॅस्परच्या उजव्या हाताला खेळायचा, आठ वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून होते, आणि आठ वर्षांत बर्नीचं तोंड एकदाही बंद झालेलं नव्हतं. पण त्या दिवशी पहिला तास सरायच्या आत तेही मंदावलं. सॅन अँटोनिओने चेंडू घेतला की गोल केल्याशिवाय सोडत नव्हते, आणि टोलेडोच्या हातात आला की तिसऱ्या डावाला लायल पाठीवर पडलेला असायचा. गोलामागे सात गुण, असे फलकावर आकडे चढत गेले. सात, चौदा, एकवीस. प्रत्येक गोलानंतर त्यांचा बँड तीच एक धून वाजवायचा.

"मला वाटतं त्यांच्याकडे बारा माणसं खेळतायत," बर्नी धापा टाकत म्हणाला.

"मोजलीस?"

"मोजायला उभं कोण राहू देतंय!"

मध्यंतराला पस्तीस-शून्य झालं होतं. कपडे बदलायच्या खोलीत दोन मोठे पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. कोच मर्ल डनवुडी एरवी अशा वेळी खुर्च्या फेकायचा. आज तो खुर्चीवर बसून राहिला. संत्र्याच्या फोडी ठेवलेल्या ताटाकडे बघत म्हणाला, "खाऊन घ्या." एवढंच. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

लायल कोपऱ्यात बादलीत ओकत होता. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांवर पट्ट्या गुंडाळल्या. तो उठून गॅस्परपाशी आला आणि बाकावर टेकला. चेहरा पांढरा फटक, गालाला चुना लागलेला. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो अगदी साधेपणाने म्हणाला, "गॅस्पर, मला मागचं दिसत नाही. तो सुटला की तू मला नुसता ओरडून सांगशील?"

"सांगीन."

"काय ओरडशील?"

"'आला' म्हणेन."

"बरं," लायल म्हणाला. "तेवढं पुरे."

उत्तरार्धात मग तसंच सुरू झालं. चेंडू निघायचा, ग्विलरी सुटायचा, गॅस्पर ओरडायचा, "आला!", आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ धप्प. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा लायल गवतातून उठत म्हणाला, "जरा आधी ओरडत जा ना." त्याने ते हसून म्हणायचा प्रयत्न केला, पण बरगड्यांमुळे हसू अर्ध्यातच तुटलं.

गॅस्परला स्वतःच्या शरीराची गंमत वाटायला लागली होती. डोक्याला सगळं कळत होतं. हा पोरगा आता आतून येणार, आता खांदा खाली टाकणार, हे त्याला चेंडू निघायच्या आधी दिसायचं. पायांना निरोप जायचा. पण पाय जणू दुसऱ्या गावी होते. निरोप पोचेपर्यंत पोरगा गेलेला असायचा. गेल्या दोन वर्षांत हे थोडं थोडं होत होतं, आणि गॅस्पर ते अनुभवाने झाकत होता. समोरचा सामान्य असला की झाकलं जायचं. आज समोरचा सामान्य नव्हता.

बेचाळीस गुण कसे झाले आणि लाथेने चेंडू खांबांमधून मारून त्यांचे पंचेचाळीस कधी झाले, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. चेंडू पुन्हा टोलेडोकडे यायच्या मधल्या वेळात तो बाजूला आला आणि डनवुडीसमोर जाऊन उभा राहिला. असं तो तेरा वर्षांत कधी गेला नव्हता.

"मला काढा, कोच."

डनवुडीने टोपी मागे सारली. "लागलंय?"

"नाही. माझ्याच्याने तो थांबत नाही. पोरगं मरेल तिथे."

"बरं, काढतो. मग कुणाला पाठवू? तुझ्या जागी खेळू शकणारा एकटा पेटी, त्याचा घोटा मुरगळलाय, तुला माहीत आहे. मीच जाऊ का?"

"मग लायलला तरी बसवा."

डनवुडी जवळ आला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. आवाज खाली आणून तो म्हणाला, "पहिल्याच सामन्यात त्याला भीतीपायी बाहेर घेतला, तर तो जन्मभर बाहेरच बसेल. मी पाहिलीत अशी पोरं. त्याला एक तरी चांगली गोष्ट हातात घेऊन इथून जाऊ दे. तू जा. पाणी पी आणि उभा राहा."

गॅस्परने पाणी प्यायलं, मिठाच्या दोन गोळ्या गिळल्या आणि परत गेला.

पुढचा डाव लागायच्या आधी पंच चेंडू पुसत होते. ग्विलरी समोर कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याचीही छाती वरखाली होत होती. तो गॅस्परकडे बराच वेळ बघत होता.

"काका, तुम्ही उठताना आधी मांडीवर हात ठेवता."

"मग?"

"माझे वडील तसेच उठतात. ऊस तोडून तोडून गुडघे गेलेत त्यांचे."

गॅस्परने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

"पंचेचाळीस झाले आमचे," ग्विलरी हळूच म्हणाला. "मला आज आणखी काही नको. मी बाहेरून येतो, लांबून. तुम्ही नुसते उभे राहा."

गॅस्परच्या कानांत रक्त तापलं. तेरा वर्षांत त्याचं नाक तीनदा मोडलं होतं, दात गेले होते, पण असं कुणी बोललं नव्हतं. गप बस, पूर्ण जोर लावून ये, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. मग मागून लायलचा आवाज आला. तो खेळाडूंना पुढची चाल सांगत होता, आणि प्रत्येक शब्दाला बरगडीपाशी अडखळत होता. गॅस्परने तोंड मिटलं. वाकला, एक हात गवतावर टेकला.

चेंडू निघाला. ग्विलरी आला. बघणाऱ्याला वाटावं की आलाच. पण लांबचा फेरा घेऊन आला, आणि गॅस्परच्या छातीला छाती लावून रेटत राहिला. त्या रेट्यात जोर नव्हता. गॅस्परने त्याला धरून ठेवला. मागे कसलाच आवाज झाला नाही. मग गॅलरीत एक लहानशी हळहळ उमटली, म्हणजे चेंडू टोलेडोच्या माणसाने झेलला होता.

पुढच्या डावाला तसंच. त्याच्या पुढच्याला तसंच. लायल आता ताठ उभा राहत होता, इकडे बघत होता, तिकडे बघत होता, आणि हात असा काही फिरत होता की त्याला कशासाठी आणला होता ते कळावं. शेवटी त्याने एक लांबच लांब चेंडू उजव्या कोपऱ्यात फेकला. तिथे टोलेडोचा माणूस मागच्याला एका हाताने ढकलत धावत होता. चेंडू त्याच्या बोटांवर येऊन बसला. गोल.

सॅन अँटोनिओच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मनाची माणसं. पंचेचाळीस-सातला त्यांना काही कमी पडत नव्हतं. लायल बरगड्या धरून धावत आला आणि गॅस्परच्या गळ्यात पडला. "धरलास तू त्याला! बघितलंस? धरलास!" गॅस्पर बाजूला येताच डनवुडीने त्याच्या हेल्मेटवर थाप मारली. बर्नी तेवढा काही बोलला नाही. बर्नी काही बोलला नाही, यावरूनच गॅस्परला कळलं की त्याने पाहिलंय.

शेवटच्या भागात ग्विलरी परत आला तेव्हा त्याच्या मानेपाशी त्यांच्या कोचने जर्सी धरून ओढल्याची खूण होती. "आता जमायचं नाही काका. बघतायत."

"ये मग," गॅस्पर म्हणाला.

तो आला. लायल आणखी दोनदा पडला, पण उठला. सॅन अँटोनिओने आणखी एक गोल चढवला, बँडने ती धून वाजवली, आणि शेवटी एकदाचा सामना संपला. बावन्न-सात.

लोक मैदानावर उतरत असताना ग्विलरी हेल्मेट हातात घेऊन गॅस्परपाशी आला. हेल्मेटशिवाय तो फारच लहान दिसत होता.

"पुन्हा कुणासाठी असं करू नकोस," गॅस्पर म्हणाला.

"दुसरं कुणी मागणार नाही."

"मी तरी कुठे मागितलं?"

"तोंडाने नाही मागितलंत," ग्विलरी म्हणाला, आणि टोपीला हात लावावा तसा कपाळाला हात लावून निघून गेला.

विमानात गॅस्परने दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधल्या. सगळे गप्प होते. पुढच्या रांगेत लायल तेवढा शेजारच्याला त्या लांब चेंडूबद्दल सांगत होता. हात वर करून दाखवत होता, आणि बरगडी दुखली की खाली घेत होता. गॅस्परने डोळे मिटून घेतले.

घरी त्याची बायको इल्का स्वयंपाकघरात कोबीची पानं उकळून त्यात खिमा आणि भात भरत बसली होती. तिने सामना टीव्हीवर पाहिला होता. गॅस्परने बॅग टाकली, खुर्ची ओढली. ती म्हणाली, "शेवटी शेवटी त्या पोराला बरा धरलास."

"मी नाही धरला. तो थांबला."

तिचे हात थांबले. "का?"

"त्याला वाटलं, मी म्हातारा आहे."

"आहेसच," इल्का म्हणाली. मग तिने पान गुंडाळलं, पातेल्यात ठेवलं आणि विचारलं, "लायलला माहीत आहे?"

"नाही."

"कळेल," ती म्हणाली.

ते मंगळवारी कळलं. मंगळवारी सकाळी सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून आदल्या सामन्याची फिल्म दाखवायची पद्धत होती. पहिला अर्धा भाग डनवुडीने नुसता पळवला. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. मग तो उठून पडद्याजवळ गेला. "आता हे बघा. पंचेचाळीस-शून्य. माणूस पस्तीस वर्षांचा. आणि तरी बघा, पाय कसे रोवलेत."

पडद्यावर गॅस्पर उभा होता. मैदानातून जे दिसत नव्हतं ते वरून, गॅलरीच्या टोकावरून, लख्ख दिसत होतं. ग्विलरी पळत नव्हता. फेरफटका मारायला निघाल्यासारखा एक वळसा घेऊन तो आला आणि गॅस्परला टेकून उभा राहिला.

डनवुडीने प्रोजेक्टर थांबवायला सांगितलं. फिल्म मागे नेली. पुन्हा दाखवली. खोलीत मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. बर्नी खोकला.

"गॅस्पर," डनवुडी म्हणाला, "हा असा का येतोय?"

गॅस्पर उठून उभा राहिला. बसून सांगावं असं त्याला वाटेना. "मला सांगून आला, कोच. म्हणाला, मी हळू येतो, तुम्ही उभे राहा."

"आणि तू?"

"मी उभा राहिलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

डनवुडीने विचार केला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "सगळ्या चाली तुझ्याच बाजूने लावल्या असत्या," तो म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. रविवारपासून पहिल्यांदाच ती माणसं हसत होती. लायल तेवढा हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता. तिथे त्याचा हात मागे गेलेला होता आणि चेंडू अजून हातातच होता.

दुपारी गाड्या लावायच्या जागी तो गॅस्परची वाट बघत थांबला होता.

"माझ्या वडिलांचा फोन आला होता," तो म्हणाला. "गावात एकच मोठा टीव्ही आहे, अवजारांच्या दुकानात. सगळे तिथे जमले होते. तो गोल झाला तेव्हा दुकानदाराने सगळ्यांना फुकट कॉफी पाजली म्हणे."

"चेंडू तूच फेकलास, लायल. कोपऱ्यात जो आपल्या माणसामागे पळत होता, तो काही हळू पळत नव्हता. तिथे तुझाच हात होता."

"मला वेळ फुकट मिळाला."

"मिळतो कधी कधी. घ्यायचा."

"मला विचारायला हवं होतंस."

"कधी? तू गवतात पडलेला होतास."

"म्हणूनच," लायल म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याचा त्यालाच राग आला होता. "मार मी खात होतो ना? मग घ्यायचं की नाही ते मी ठरवलं असतं." तो गाडीत बसला, दार धाडकन लावलं आणि गेला.

गॅस्पर तिथेच उभा राहिला. पोराचं बोलणं त्याला पटलं होतं, हेच अवघड होतं. आणि तरीही, पुन्हा ती वेळ आली असती तर त्याने तेच केलं असतं. ही दोन्ही एकाच वेळी खरी कशी असू शकतात, याचा विचार करायला त्याच्यात त्राण नव्हतं. तो घरी जाऊन झोपला.

गुरुवारच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. सॅन अँटोनिओचा नवा खेळाडू ग्विलरी येत्या रविवारी बाकावर बसेल. कारण दिलेलं नव्हतं. गॅस्परने त्या ओळी दोनदा वाचल्या, मग फोनपाशी गेला. लांबचा कॉल लावून, तिकडच्या क्लबच्या बाईंना तीनदा आपलं नाव सांगितल्यावर शेवटी तो पोरगा लाइनवर आला.

"तुला बसवलं?"

"काका? अहो, तुम्ही?" त्याच्या आवाजात मनापासून आनंद होता. "हो. फिल्म आमच्या कोचकडेही असते."

"माझ्यामुळे झालं हे."

"छे. तुम्ही नुसते उभे होता. चालत आलो तो मी. खूप शिव्या घातल्या त्यांनी. म्हणाले, दया करायची तर चर्चमध्ये जा. मी म्हटलं, सामन्याला चर्चमधूनच आलो होतो, आई घेऊन गेली होती सकाळी. मग आणखी घातल्या."

गॅस्पर हसला. फोनच्या तारेत खरखर होत होती, आणि त्या खरखरीचे पैसे पडत होते.

"पुढच्या वर्षी आपला सामना तुमच्याकडे आहे," ग्विलरी म्हणाला. "तेव्हा मी सगळा जोर लावून येणार हं. आधीच सांगून ठेवतो."

"तेव्हा मी नसेन."

हे वाक्य गॅस्परने आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं, इल्कालाही नाही. इल्का दारात उभी होती. तिने ते ऐकलं. ती नुसती हात पुसत राहिली.

"बरं," पलीकडून आवाज आला. मग अगदी सावकाश, आधी सराव करून ठेवल्यासारखं, तो म्हणाला, "बरं, मिस्टर गॅस्पर वॅडस." उच्चार चुकीचाच होता.

शुक्रवारी गॅस्परने डनवुडीला सांगितलं. डनवुडीने टेबलाचा खण उघडला, बंद केला. म्हणाला, "पेटीचा घोटा बरा होईपर्यंत थांब. तेवढं कर माझ्यासाठी." गॅस्पर थांबला. रविवारी घरच्या मैदानावर टोलेडो पुन्हा हरलं, पण थोडक्यात. समोरचा गडी साधाच होता, आणि गॅस्परने त्याला बऱ्यापैकी अडवला. पेपरात त्याबद्दल चांगलं छापून आलं. ते वाचून त्याला काही वाटलं नाही. लायल मैदानात त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. चेंडू कधी निघणार ते सांगायचा, आणि सामना संपला की पाठ फिरवायचा.

पेटीचा घोटा बरा झाल्यावर दोन आठवडे गॅस्पर रोज सरावानंतर त्याला घेऊन थांबायचा. समोरचा कुठल्या पायावर भार टाकतो, खांदा कधी खाली घेतो, सगळं सांगायचा. पेटी तरणाबांड होता. त्याला सांगितलेलं अर्धंच कळायचं, पण पाय वेळेवर पोचायचे. ऑक्टोबरच्या मध्यात तो आत गेला आणि गॅस्पर बाकावर बसला. बाकावर बसून सामना बघताना त्याला पहिल्यांदाच कळलं की क्वार्टरबॅक किती एकटा दिसतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, दारावर थाप पडली. इल्काने दार उघडलं. बाहेर लायल उभा, हातात कागदी पिशवीत बिअरच्या बाटल्या, आणि एक डोळा सुजलेला.

"पेटी आज 'आला' म्हणायचं विसरला," तो म्हणाला. "नाही म्हणजे, काल."

"ये आत," गॅस्पर म्हणाला. "तो शिकेल."

इल्काने त्याला टेबलाशी बसवलं आणि न विचारता ताट वाढलं. कोबीच्या गुंडाळ्या, वर घट्ट आंबट साय. पोरगा भुकेला होता. दोन गुंडाळ्या संपल्यावर तो ताटाकडे बघत म्हणाला, "त्याने नेमकं काय म्हटलं होतं तुला? तो ग्विलरी."

गॅस्परने सगळं सांगितलं. मांडीवर हात ठेवून उठण्याचं, उसाचं, आपल्याला आलेल्या रागाचं, आणि मागून लायलचा अडखळणारा आवाज ऐकून तोंड मिटल्याचंही सांगितलं. हे शेवटचं त्याने इल्कालाही सांगितलेलं नव्हतं.

"माझा आवाज असा येत होता?"

"असाच."

"मला वाटत होतं, कुणाला कळत नाहीये." त्याने काटा खाली ठेवला. "तरी विचारायला हवं होतंस."

"हो," गॅस्पर म्हणाला. "हवं होतं."

लायलने तिसरी गुंडाळी मागितली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन सोफ्यावर जरा टेकतो म्हणाला आणि टेकल्या टेकल्या झोपला, बूट पायांत तसेच.

गॅस्पर डिसेंबरात मोकळा झाला. क्लबने एक छोटंसं जेवण दिलं, बर्नीने लांबलचक भाषण केलं आणि शेवटी त्याला बोलताच येईना. टोलेडोने त्या वर्षी तीनच सामने जिंकले. लायल आणखी सहा वर्षं खेळला, नावाजला गेला असं नाही, पण पडला तरी उठणारा म्हणून लोक त्याला ओळखत. गॅस्परला एका शाळेने मुलांना शिकवायला बोलावलं. त्याने महिनाभर विचार केला आणि नको म्हणाला. मग पुढच्या उन्हाळ्यात आपण होऊनच गेला. मैदानाच्या कडेला तो घडीची खुर्ची टाकून बसायचा. मुलं म्हणायची, सर, उभं राहून दाखवा ना. तो म्हणायचा, "तुम्ही दाखवा. मी बघतो."